रिहर्सलचा कुळव

सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिराच्या आवारात कुणी ‘आज सातला रिहर्सल आहे’ म्हणालं, की डोळ्यांसमोर येतात हातात संहितेचे कागद घेतलेले हौशी नट, खुर्चीवर उलटा बसलेला दिग्दर्शक आणि चहाचे कप. बैल, ढेकळं आणि लांडग्याचे दात कुणाच्याही डोळ्यांसमोर येत नाहीत. ‘रिहर्स’ या इंग्रजी क्रियापदाच्या पोटात मात्र ते सगळं आहे.

जुन्या फ्रेंच भाषेत ‘एर्स’ नावाचं एक अवजार होतं. लाकडी चौकट आणि तिच्या खालच्या अंगाला दातांच्या ओळी. नांगरट झाली की जनावरं जुंपून ते रानावरून ओढायचं. ढेकळं फुटायची, तण उपटून वर यायचं, माती भुसभुशीत व्हायची. मराठीत त्याच्या सर्वांत जवळचा आपला कुळव. या कुळवण्याच्या क्रियापदाआधी ‘पुन्हा’ अशा अर्थाचा ‘रि’ लागला आणि ‘एकदा कुळवलेलं पुन्हा कुळवणं’ असा शब्द तयार झाला. नॉर्मन राज्यकर्त्यांच्या फ्रेंचमधून तो इंग्लंडात पोहोचला आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत रुजला. नाटकवाल्यांची रिहर्सल म्हणजे मुळात कुळवाची दुसरी पाळी!

अवजाराच्या तोंडी लांडग्याचे दात

फ्रेंच ‘एर्स’ आला लॅटिन ‘हिर्पेक्स’वरून. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हारो या रोमन पंडिताने या अवजाराचं वर्णन करून ठेवलं आहे: पुष्कळ दातांची पट्टी, ती बैल ओढतात आणि जमिनीत पसरलेलं तण ती उकरून काढते. आणखी मागे गेलं की दक्षिण इटलीतल्या ऑस्कन भाषेतला ‘हिर्पुस’ भेटतो. त्याचा अर्थ लांडगा. अवजाराचे दात पाहून हे नाव पडलं असावं, असं शब्दांचे अभ्यासक मानतात. त्या भागात हिर्पिनी नावाची एक जमातच होती. लांडग्याने वाट दाखवली म्हणून हे लोक तिथे येऊन वसले, अशी त्यांच्या नावामागची कथा प्राचीन भूगोलकार स्ट्रेबोने नोंदवली आहे.

आता इटलीहून थेट आपल्याकडे या. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात अश्विनीकुमार ‘वृका’ने जव पेरतात, असा उल्लेख आहे. वृक म्हणजे लांडगा. लांडग्याने पेरणी कशी होणार? प्राचीन शब्दशास्त्रज्ञ यास्काने ‘निरुक्ता’त हे कोडं सोडवलं. इथे वृक म्हणजे नांगर, कारण तो जमीन फाडतो. रोमन कुळवातही लांडगा, वैदिक नांगरातही लांडगा! मातीत घुसणारं लोखंड किंवा लाकूड पाहून दोन दूरच्या शेतकरी समाजांना एकच जनावर आठवलं. या सगळ्या गोष्टीतली मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

सोलापूरकराला हे पटायला वेळ लागू नये. शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे. तिथलं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. ज्या पक्ष्यासाठी ते राखलं, तो आता दिसणं फार कठीण झालं आहे. लांडगा मात्र त्या गवताळ माळावर अजून वावरतो. बांधाच्या अलीकडे ज्वारीसाठी कुळवलेलं रान आणि पलीकडच्या माळावर लांडगा: हिर्पेक्स आणि हिर्पुस एकाच शिवारात.

त्याच घराण्यातले इतर

शववाहिनीला इंग्रजीत ‘हर्स’ म्हणतात. हाही तोच कुळव! चर्चमध्ये मेणबत्त्या लावण्याची एक त्रिकोणी चौकट असे. तिच्यावर टोकं वर काढलेली, म्हणजे उलटा ठेवलेला कुळवच. पुढे शवपेटीवर उभारायच्या मेणबत्त्यांच्या चौकटीला ते नाव मिळालं आणि सतराव्या शतकात शवपेटी वाहून नेणाऱ्या गाडीला.

किल्ल्याच्या दारात वरून खाली सोडायचा अणकुचीदार गजांचा दरवाजा, तोही फ्रेंचमध्ये ‘एर्स’. आणि फ्रेंच रंगमंचावर डोक्यावर टांगलेल्या दिव्यांच्या ओळीलाही ‘एर्स’च म्हणतात. नट खाली तालीम करतात आणि वर कुळव लटकलेला असतो.

शेतातून साहित्यात गेलेले शब्द आणखीही आहेत. इंग्रजीत कवितेच्या ओळीला ‘व्हर्स’ म्हणतात. तो लॅटिनमधल्या ‘वळण’ अर्थाच्या शब्दावरून आला. तासाच्या टोकाला नांगर वळतो, तशी ओळ वळते. ‘डिलिरियम’ म्हणजे तापातली बडबड, आणि त्याचा मूळ अर्थ तास सोडून जाणं. नांगर तासातून भरकटला, तसं डोकं भरकटलं.

आधी सांगणं, मग सराव

इंग्रजीत आल्याबरोबर या शब्दाला नाटकाचा वास नव्हता. सुरुवातीला ‘रिहर्स’ म्हणजे घडलेलं पुन्हा सांगणं, एकाचं बोलणं दुसऱ्याला कळवणं. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने तो याच अर्थाने वापरला आहे: दुसऱ्याची गोष्ट सांगायची तर त्याचा शब्द न् शब्द जमेल तितका जसाच्या तसा सांगावा, असं तो म्हणतो. प्रयोगाआधीचा सराव हा अर्थ सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, म्हणजे लंडनमध्ये नाटकघरं उभी राहू लागली त्या काळात.

आणि मग सोलापूरच्या जिव्हाळ्याची गोष्ट घडली. १५९५-९६ च्या सुमारास शेक्सपिअरने ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’ लिहिलं. त्यात कारागिरांची एक टोळी राजाच्या लग्नासाठी नाटक बसवते. सुतार, शिंपी, तांबट असे सगळे हातावर पोट असलेले. दिवसभर धंदा करायचा आणि रात्री रानात जाऊन तालीम. त्यांच्यातला सर्वांत उत्साही, प्रत्येक भूमिका मलाच द्या म्हणणारा गडी निक बॉटम. त्याचा धंदा कोणता? विणकाम! इंग्रजी नाट्यसाहित्यातली बहुधा सर्वांत गाजलेली रिहर्सल एका विणकराची आहे, आणि ऐन तालमीतच त्याच्या खांद्यावर गाढवाचं डोकं येतं.

त्याच्या नावातही विणकाम आहे. ज्या गाभ्यावर सूत गुंडाळतात, त्याला तेव्हाच्या इंग्रजीत ‘बॉटम’ म्हणत. सोलापूरच्या पूर्व भागात हा माणूस जन्मला असता, तर त्याला ‘कांडी’ हे टोपणनाव मिळालं असतं. कांड्या भरणं हे इथल्या मागवाल्या घरांतलं रोजचं काम. माग पुरुष चालवणार आणि कांड्या बहुधा घरातल्या बायका भरणार. त्या कष्टाचं मोल वेगळं मोजायची रीत फारशी नव्हती, हे इथे लिहून ठेवायलाच हवं.

चादरीतलं ‘रिपीट’

सोलापुरी चादर तुमच्या घरी असेल तर उलगडून बघा. एक फूल, एक मोर किंवा एक चौकट थोड्या थोड्या अंतराने परत येते. नक्षी जिथून पुन्हा सुरू होते, तिथपर्यंतच्या लांबीला कापडधंद्यात ‘रिपीट’ म्हणतात. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, टेरी टॉवेललाही आहे. त्या मानांकनामागे जी नक्षी आहे, ती जॅकार्डच्या कृपेने उतरते.

फ्रान्समधल्या लियाँचा जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ साली हे यंत्र पुढे आणलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर बसवायची. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याचा एक धागा. जिथे भोक आहे तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, नाही तिथे खाली राहतो. धोटा आडवा धावतो, पुढचा पुठ्ठा येतो. माळेचं शेवटचं टोक पहिल्याला शिवलेलं असतं, त्यामुळे शेवटचा पुठ्ठा गेला की पहिला आपोआप हजर होतो आणि मोर पुन्हा पिसारा उघडतो. खुद्द जॅकार्डचं एक रेशमी चित्र १८३९ साली याच पद्धतीने विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले.

लंडनच्या चार्ल्स बॅबेजकडे त्या चित्राची एक प्रत होती. आपल्या नियोजित गणकयंत्राला हुकूम देण्यासाठी त्याने पुठ्ठ्यांची कल्पना मागावरूनच उचलली. तेच गणित पुन्हा करायचं असेल तर पुठ्ठ्यांची माळ मागे फिरवायची, हीही सोय त्याच्या आराखड्यात होती. आज सोलापूरची मुलं पुण्यात हिंजवडीला बसून संगणकाला ‘हे शंभर वेळा कर’ असं सांगतात, त्या आज्ञेचं मूळ मागावरच्या पुठ्ठ्यांपर्यंत जातं. त्यांच्यातल्या कित्येकांच्या आज्यांनी कांड्या भरलेल्या आहेत.

प्रत्येक पाळीचं काम वेगळं

आता कुळवाकडे परत येऊ, कारण तिथे सांगण्यासारखं फार आहे आणि ते शहरात फार कमी जणांना ठाऊक असतं.

सोलापूर म्हणजे रब्बी ज्वारीचा मुलूख. पेरणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जून ते ऑगस्ट काळं रान मोकळं असतं, पण शेतकरी मोकळा नसतो. पाऊस पडला, उघडीप मिळाली, वापसा आला की कुळव. पुन्हा पाऊस, पुन्हा कुळव. लांबून पाहणाऱ्याला वाटेल की हा माणूस तेच ते काम करतोय. पहिली पाळी ढेकळं फोडते आणि मागच्या पिकाची धसकटं मोकळी करते. त्यानंतरची पाळी मधल्या पावसावर उगवलेलं तण कापते. पेरणीच्या तोंडावरची पाळी रान एकसारखं करते. आणि प्रत्येक पाळीला वरचा बोट-दोन बोटं थर भुसभुशीत होतो, त्यामुळे खालची ओल उन्हाला सापडत नाही. तीच ओल पुढे हिवाळ्यात ज्वारीला पोसते, कारण पेरणीनंतर पावसाचा भरवसा नसतो.

आमचा कुळव त्या फ्रेंच भावंडापेक्षा वेगळा, हेही सांगायला हवं. त्याला दात नसतात. खाली आडवी लोखंडी पास असते. ती माती न उलटता जमिनीखालून सरकते आणि तणाची मुळं कापत जाते. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडच्या कानडी बोलणाऱ्या घरांत कुळवाला ‘कुंटे’ म्हणतात, तेलुगूत ‘गुंटक’. तीन भाषा, एकच पास.

पेरणीनंतर कुळवाचं धाकटं भावंड कामाला लागतं: कोळपं. दोन ओळींच्या मधून चालणारं. ज्वारीला पहिली कोळपणी साधारण तिसऱ्या आठवड्यात, दुसरी पाचव्या, तिसरी आठव्या. पहिल्या दोन तण काढतात आणि ओल राखतात. तिसरीचं काम निराळं. तोवर काळी जमीन भेगाळायला लागलेली असते आणि त्या भेगांतून आतली ओल उडते. तिसरी कोळपणी भेगा मातीने बुजवते. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ ही म्हण ज्याच्या विहिरीला पाणी नाही त्याला बरोबर कळते.

हे ज्ञान शास्त्राच्या वहीतही नोंदलेलं आहे. पुण्याजवळ मांजरीला १९२३ पासून कोरडवाहू शेतीचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. त्या कामातलं ना. वि. कानिटकर यांचं नाव आजही शेतीशास्त्रज्ञ आदराने घेतात. १९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र उभं राहिलं. मुंबई इलाख्याची म्हणून जी कोरडवाहू पद्धत ठरली, तिच्यात बांधबंदिस्तीबरोबर उथळ आणि वारंवार कुळवणीला मोठी जागा होती. शेतकरी करत होताच, त्याचं ‘का’ शास्त्राने मोजून दाखवलं. इथल्या मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवडलेलं ३५-१ हे वाण तर अजूनही रब्बी ज्वारीचा मानदंड मानलं जातं. शुभ्र, टपोऱ्या दाण्याची ती भाकरी ज्याने खाल्ली, त्याला त्या पाळ्यांचं फळ कळलं.

नाटकातही असंच असतं, असं कसलेले दिग्दर्शक सांगतात. पहिल्या तालमी शब्द मोकळे करायच्या, मग हालचाली, मग नको ते छाटायचं, आणि शेवटच्या तालमी भेगा बुजवायच्या. ‘रिहर्स’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा वापरला, त्याने रान कुळवताना पाहिलं होतं याबद्दल मला शंका नाही.

मातीची तालीम, रंगाची तालीम

फ्रेंचांनी कुळव इंग्रजांना दिला आणि स्वतः मात्र तालमीला ‘रेपेतिसियाँ’, म्हणजे साधं ‘पुनरावृत्ती’ म्हणू लागले. जर्मन ‘प्रोबं’ म्हणतात, म्हणजे चाचणी. आपण म्हणतो तालीम. हा अरबी शब्द, अर्थ शिकवण. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, ‘उलेमा’ म्हणजे ज्ञानी लोक, ही सगळी एकाच धातूची लेकरं. चारही शब्दांत मला आपला सर्वांत उदार वाटतो. त्यात गुरू आहे.

पण मराठीने त्यात आणखी एक भर घातली. तालीम म्हणजे नाटकाचा सराव, आणि तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडासुद्धा. सोलापुरात पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नुसती नावं घेतली तरी शहराचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. आणि तालमीत पहाटे पहिलं काम काय? आखाडा खणायचा. तेल, ताक, हळद घालून कमावलेली तांबडी माती रोज खालीवर करायची, म्हणजे ती दगड होत नाही आणि पडणाऱ्याला झेलते. रोज त्याच मातीला पुन्हा उकरणं! ‘रिहर्स’चा मूळ अर्थ सोलापूरच्या तालमीत आजही शब्दशः पाळला जातो.

नाटकाची शेवटची तालीम रंगीत, कारण तेव्हा तोंडाला रंग लागतो. ‘संगीत शाकुंतल’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झाला, तेव्हापासून आजवर किती रंगीत तालमी महाराष्ट्राने पाहिल्या असतील, मोजणं अशक्य.

तालमीतून निघालेलं लेझीम गणेशोत्सवात अख्ख्या सोलापूरला नाचवतं. त्या लेझमाचं मूळही सरावातच आहे. फारसीत ‘लेझम’ म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं धनुष्य. खरं युद्ध नाही, खरा बाण नाही, फक्त दंड तयार करण्यासाठी ओढायचं. मिरवणुकीत छमछम वाजणारी गोष्ट मुळात तिरंदाजाच्या कसरतीची!

आणि ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा. लोकांच्या तोंडी गड्डा. जानेवारीत संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, पांढऱ्या बाराबंदीतल्या भाविकांनी रस्ते भरून जातात. नंदीध्वजाची ती उंच, जड काठी तोल सावरत पेलायची म्हणजे यात्रेच्या दिवशी उठून जमणारं काम नव्हे. त्यासाठी कित्येक आठवडे आधीपासून सराव चालतो. यात्रा पाहायला येणाऱ्यांनी एखादा सरावही पाहावा, अशी माझी मनापासून शिफारस आहे. तिथे जुने हात नव्या हातांना काठी कशी देतात, ते नीट दिसतं.

पाटीवरच्या पाळ्या

शाळेतही कुळव फिरतोच. पूर्वी धुळपाटीवर बोटाने अक्षरं काढत, ती पुसत, पुन्हा काढत. ‘धुळाक्षरं’ हा शब्द तिथला. ‘ओनामा’ आला ‘ॐ नमः सिद्धम्’वरून. पाढ्यांच्या पुनरावृत्तीला मराठीने ‘उजळणी’ म्हटलं. मळलेलं तांब्याचं भांडं चिंचेने घासून लख्ख करावं, तसं विसरत चाललेलं पुन्हा चकचकीत करायचं. बावीस त्रिक सहासष्ट घोकणाऱ्या पोराला ते सुंदर वाटत नसेल, पण शब्द सुंदर आहे.

‘पुन्हा’वाल्यांचे आपल्याकडचे नातेवाईक

पुनरावृत्तीची इतर इंग्रजी क्रियापदं बघाल तर त्यांची नाती आपल्या घरापर्यंत येतात.

‘रिपीट’चा अर्धा भाग लॅटिन ‘पेतेरे’, म्हणजे झेप घेणं, मागे धावणं. संस्कृत ‘पत्’ त्याच कुळातला. पतन, पतंग आणि पिसापासून पानापर्यंत पोहोचलेलं ‘पत्र’ ही त्याची भावंडं. तेच पुन्हा करणं म्हणजे मुळात पुन्हा झेप घेणं.

‘इटरेट’ हा संगणकवाल्यांचा लाडका शब्द. त्यामागे लॅटिन ‘इतेरुम’, म्हणजे आणखी एकदा. त्याचा संस्कृत नातेवाईक आहे ‘इतर’. शाळेच्या वहीत आपण ‘इतर माहिती’ असं लिहितो, तोच.

‘डिट्टो’ तर मराठीने दत्तकच घेतला. पोरगं डिट्टो आजोबांवर गेलंय! हा इटलीतल्या टस्कनीचा शब्द, अर्थ ‘सांगितलेलं’. हिशेबाच्या वह्यांत तोच महिना, तेच नाव पुन्हा पुन्हा लिहायचा कंटाळा टाळण्यासाठी तो वापरत. त्याच्या मुळाशी दाखवणं, निर्देश करणं या अर्थाचा धातू आहे आणि संस्कृतात त्याच धातूची लेक ‘दिशा’.

वन्स मोअर!

संगीत नाटकाच्या सुवर्णकाळात पद रंगलं की प्रेक्षक ओरडायचे ‘वन्स मोअर’, आणि बालगंधर्वांसारख्यांना तेच पद पुन्हा पुन्हा गावं लागायचं. गंमत अशी की इंग्रज प्रेक्षक तेव्हा ‘वन्स मोअर’ऐवजी ‘आँकोर’ ओरडतो. तो फ्रेंच शब्द. १७१२ साली लंडनच्या ‘स्पेक्टेटर’मध्ये या आरोळीवर लिहून आलं होतं. मग फ्रेंच काय ओरडतात? ‘बिस’! लॅटिनमध्ये ‘दोनदा’. संस्कृत ‘द्विः’चा तो सख्खा नातलग. म्हणजे प्रत्येकाने पुनरावृत्तीची मागणी दुसऱ्याच्या भाषेत केली.

री ओढणारे

एखाद्याने दुसऱ्याच्या मताला नुसता दुजोरा दिला, की आपण म्हणतो ‘त्याची री ओढतो’. हा वाक्प्रचार गाण्यातून आला आणि त्यात झीलकऱ्यावर अन्याय झाला, असं माझं ठाम मत आहे. शाहिराने पोवाड्याची ओळ टाकली की मागचे झीलकरी तिचं शेपूट उचलून लांबवतात. तेवढ्या वेळात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ जुळवतो, समोरच्या गर्दीचा अंदाज घेतो. झील पडली तर पोवाडा पडला. पंढरपूरच्या कीर्तनातही तेच. कीर्तनकार अर्थ उलगडत लांब निघून जातो आणि मागचे टाळकरी ध्रुपद धरून त्याला बरोबर जागेवर आणतात. री ओढणं हे कान आणि दम मागणारं काम आहे.

सोलापूरच्या राम जोशींनी पेशवाईच्या अखेरच्या काळात लावणीत अक्षरांच्या पुनरावृत्तीचं केवढं तरी वैभव उभं केलं. यमकावर यमक, अनुप्रासावर अनुप्रास, आणि तरी अर्थ ठाम. त्यांच्यावर १९४७ साली ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर त्यात होते.

बि की गि?

शेवटी सोलापूरच्या रस्त्यावरचा चमत्कार, जो इथे राहणारे रोज ऐकतात.

मराठी माणूस विचारतो, ‘जेवणबिवण झालं का?’ शब्द पुन्हा उच्चारायचा, पण पहिल्या अक्षराच्या जागी ‘बि’ ठेवायचा. चहाबिहा, पाऊसबिऊस, लग्नबिग्न. अर्थ होतो ‘ते आणि त्यासारखं सगळं’. शेजारी अक्कलकोटकडचा कानडी माणूस म्हणतो ‘ऊटगीट’. पूर्व भागातला तेलुगू विणकर म्हणतो ‘अन्नम-गिन्नम’. त्यांचं अक्षर ‘गि’. हिंदीवाल्याचं ‘व’: खाना-वाना. बंगाल्याचं ‘ट’: चा-टा. गुजरात्याचं पुन्हा आपल्यासारखं ‘ब’. मरी एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने नीलगिरीतल्या तोडा भाषेतल्या अशा प्रतिध्वनी शब्दांवर १९३८ सालीच लेख लिहिला होता. भारतभर वेगवेगळ्या कुळांच्या भाषा ही एकच युक्ती वापरतात आणि फक्त अक्षर बदलतात.

‘बि’ आणि ‘गि’ यांची सीमारेषा नकाशावर कुठेतरी राज्यांच्या हद्दीवर काढता येईल. सोलापुरात ती एकाच गल्लीतून जाते, कधी कधी एकाच घरातून. माहेर कानडी, सासर मराठी अशी बाई दिवसातून दोन्ही अक्षरं सहज वापरते आणि कुणाशी बोलताना कोणतं हे तिला ठरवावं लागत नाही.

एक कोडं मात्र राहतं. शब्दच ‘बि’ने सुरू होत असेल तर? बिर्याणीबिर्याणी म्हटलं तर नुसतीच बिर्याणी दोनदा मागितल्यासारखं होतं. अशा वेळी मराठी माणूस पटकन ‘फ’ उसना घेतो: बिर्याणीफिर्याणी, बिलफिल. आता बिस्किटाचं, बिदागीचं आणि बिऱ्हाडाचं काय करता, ते स्वतः मोठ्याने म्हणून बघा.